मयताचं सेटिंग

दक्षिण समुद्रातल्या लिफुका बेटावर कुणी वारलं की आधी पाद्र्याकडं सांगावा जातो, मग लिसिआतेकडं. खड्डा खणणाऱ्यांचा नंबर त्याच्यानंतर. निम्मं बेट ऑकलंडात, उरलेल्यातलं निम्मं सिडनीत. तिकडं बसलेल्या लेकरांना रडायला काहीतरी समोर लागतं. म्हणून मेलेला माणूस जमिनीत जायच्या आधी लिसिआतेच्या कॅमेऱ्यात गेला पाहिजे, अशी आता रीतच पडून गेली आहे.

लिसिआते अंगानं दांडगा, मानेवर वळ्या, चालला की लाकडी घराच्या खालच्या फळ्या हलायच्या. तरणा होता तेव्हा ऑकलंडला गेला. कोंबड्या कापायच्या कारखान्यात गार पाण्यात हात घालून बोटं सुजवून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या पिशव्या उचलल्या. परत येताना बाकीच्यांनी फ्रीज आणले, ह्यानं कॅमेरा आणला. त्याची बायको फुसी ते अजून विसरलेली नाही. "फ्रीज आणला आसता तर निदान मासं तरी गार राहिलं आसतं," ती म्हणते. "ह्या डब्यात मेल्या माणसांबिगर काय ऱ्हातंय?"

तर त्या डब्याच्या डोक्यावर एक चाक आहे. चाकावर कंपनीनं तीन घरं मोकळी सोडलेली. आपल्याला हवं तसं सगळं जुळवायचं, म्हणजे पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, उजेड किती प्यायचा, रंग कसा धरायचा, आणि ते त्या घरात नोंदवून टाकायचं. पुन्हा चाक तिथं फिरवलं की कॅमेरा घेतलेली शपथ जशीच्या तशी पाळतो. लिसिआतेला ह्याचं फार कौतुक. त्याचं म्हणणं, माणसं लग्नात एक आणि मयतात एक असं वागतात, मग कॅमेऱ्यानं एकाच तोंडानं सगळीकडं का जावं?

पहिलं घर त्यानं चर्चला दिलं. मे महिन्यात पोरं पांढरी कापडं घालून बायबलातली वचनं म्हणायला उभी राहतात, एका बाजूच्या खिडकीतून ऊन येतं, दुसरी बाजू अंधारी. ते सगळं त्यानं नीट बसवून ठेवलं. दुसरं घर उन्हाचं. दफनाला पांढऱ्या वाळूवर काळ्या कापडातली माणसं उभी राहिली की साधा कॅमेरा गोंधळतो. एकतर वाळू पांढरीफटक होऊन फाटते, नाहीतर माणसांचा कोळसा होतो. शिवाय डुकरामागं पळणारी पोरं ह्याच घरात थिजवता येतात, इतका पडदा झटक्यात मिटतो.

तिसरं घर मयताचं.

मयताच्या खोलीत बायका खिडक्यांवर झाडाची साल ठोकून केलेलं जाड कापड लावतात, भिंतींवर लावतात, खाली चटयांची चळत आणि तिच्यावर मयत. आत सकाळी दहाला सुद्धा दिवेलागण झाल्यासारखं असतं. पहिल्या खेपेला लिसिआतेनं फ्लॅश मारला, तर कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "त्येला निजू दे की. ईज कशाला पाडतूस?" तेव्हापासून फ्लॅश बंद. मग तिपाई आली आणि पडदा दोन सेकंद उघडा राहायला लागला. दोन सेकंद म्हणजे काही फार नव्हे, पण तेवढ्यात एखादी पंखा हलवते, एखादी रडताना मागंपुढं झुलते, गाणाऱ्यांची तोंडं उघडून मिटतात. फोटोत त्या सगळ्यांचा धूर होतो. जो अजिबात हलत नाही तो तेवढा कोरल्यासारखा येतो. त्या खोलीत न हलणारा एकच असतो.

परदेशातल्या लोकांना ते फोटो फार आवडले. मधे आपला माणूस लख्ख, भोवती धुराची माणसं. कामं वाढली. लिसिआतेनं तिसऱ्या घराला वर्षानुवर्षं हात लावला नाही.

मग पाउला आला. आला म्हणजे फोटोत आला. पाउला चर्चच्या गाण्याचा म्होरक्या, हात न हलवता त्यानं आयुष्यात एक ओळ गायली नव्हती. शेजाऱ्याच्या मयताला तो भिंतीकडं बसला होता आणि फोटोत भोवतीच्या धुरातून एकटाच निघाला. मांडीवर हात, तोंड मिटलेलं, शर्टाची बटणं मोजता यावीत इतका लख्ख. सिडनीहून त्याच्या लेकीचा फोन आला, "आमचा बा आसा का बसलाय वो?" त्याच्या परसातला केळीचा घड पिकायच्या आत पाउला गेला.

पाउलाच्या मयताला लोसा लख्ख आली. सालकापड ठोकणारी, भरल्या दंडाची, हसली की दोन घरं पलीकडं ऐकू जायची. पुढच्या मोठ्या ओहोटीला ती खडकावर शिंपल्या वेचायला गेली आणि पाणी भरताना परत आली नाही.

दोन माणसांवरून काही ठरत नाही. पण गावाला तेवढंच लागतं. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळी कुटून केलेलं गुंगीचं पाणी, प्यायला बाप्ये गोल बसले की लिसिआतेसाठी जागा व्हायची, पण त्याच्या शेजारी मांडी घालायला कुणी राजी नसे.

"कॅमेरा आणलाईस का?" मायकोलो विचारायचा. मायकोलोकडं गावातली एकमेव भाड्याची गाडी, आणि तोंडाला कुलूप नाही.

"न्हाई."

"मग बस. पर माज्याकडं बगून डोळं बारीक करू नगंस. माजी दोन पोरं शाळंत हाईत."

"आरं, दमलेला माणूस हलत न्हाई," लिसिआते समजवायचा. "आनी दमलेलाच मरतोय. ह्यात चाकाचा काय संबंध?"

"मग आमी दमत न्हाई जा," मायकोलो म्हणायचा, आणि खरंच बसल्या जागी मांडी हलवायला लागायचा.

मयताच्या खोलीची तर तऱ्हाच बदलली. पूर्वी लिसिआते तिपाई मांडायला लागला की माणसं सावरून बसत. आता तिपाईचा पाय उघडल्याचा आवाज आला की सगळी खोली चुळबुळायला लागे. जाड बायका पंखे फडाफडा मारत, म्हातारे मान हलवत, गाणारे उगाच ताल धरत. "हाल की गं जरा," एक दुसरीला कोपरानं ढोसायची. मेलेल्या माणसाभोवती चाळीस माणसं वळवळताहेत आणि कुणीही हसत नाही, हे चित्र लिसिआतेला घरी आल्यावरही जेवू द्यायचं नाही. फोटोत आता आधीपेक्षाही दाट धूर यायचा.

शेवटी त्यानं ठरवलं, सगळेच लख्ख आले तर कुणी एकटा पडायचा नाही. पडदा झटक्यात मिटवायचा, उजेड जास्त प्यायला लावायचा, फोटोत दाणे पडले तर पडू देत.

त्याच आठवड्यात हेलेइने आत्तीचा मामा वारला. हेलेइने ही लिसिआतेच्या बापाची थोरली बहीण. आता आत्या म्हणजे काय हे ज्याला आत्या आहे त्याला सांगायला नको, पण तिथं आत्याचा मान बापापेक्षा मोठा. तिनं मागितलेलं डुक्कर, चटई, होडी, काही नाही म्हणायची सोय नाही. भाच्यानं आत्यासमोर उभ्यानं बोलू नये, तिच्या ताटातलं उरलेलं खाऊ नये. आत्या मनातून नाराज झाली तरी भावाच्या पोरांना दुखणी लागतात, असं सगळेच धरून चालतात. आणि मामाच्या मयताला भाचीचा मान असतो, म्हणून त्या दिवशी मयताच्या उशाशी हेलेइने आत्ती बसली होती. पाठ सरळ, दोन्ही हात मांडीवर. उशाशी बसलेली मानाची बाई चुळबुळत नाही. पंखा तिला दुसरी घालते.

लिसिआतेनं तिपाई मांडली, चाक तिसऱ्या घरात आणलं आणि पडद्याचा वेळ कमी केला. आता एक काम राहिलं होतं. घरात शिरून वरवर बदललेलं त्या वेळेपुरतंच असतं. मेनूत जाऊन नव्यानं नोंदवलं नाही, तर कॅमेऱ्याला डुलकी लागल्यावर तो जागा होताना पहिलीच शपथ धरून उठतो. लिसिआतेला हे पाठ होतं. त्याचा अंगठा बटणावर गेलाच होता, तेवढ्यात पाद्री म्हणाला, "आपण प्रार्थना करू या."

प्रार्थनेत कुणी कशाला हात लावत नाही. लिसिआतेनं डोळे मिटले. पाद्र्याचा मेलेल्याशी जुना सलोखा, त्यामुळं प्रार्थना लांबली. त्यात मेलेल्याच्या शेतातले सुरणसुद्धा आले. कॅमेऱ्याला डुलकी लागली. आमेन झाल्यावर खोली जागी झाली, पंखे सुरू झाले, माणसं वळवळायला लागली, आणि लिसिआतेनं बटण दाबलं.

पडदा उघडला आणि मिटायलाच तयार नाही. ते दोन सेकंद त्यानं नुसते ऐकले. मग पडदा मिटला.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर धूर होता. धुरात मामा आडवा, लख्ख. आणि त्याच्या उशाशी हेलेइने आत्ती, लख्ख. केसातली पांढरी रेघन् रेघ दिसत होती. दोघांचे चेहरे एकाच सुतारानं एकाच लाकडातून काढल्यासारखे.

दफन होईपर्यंत तो उन्हात काम करत राहिला. लोक जमिनीतल्या भट्टीतलं जेवण काढायला लागले तेव्हा कुठं तो केळीआड गेला, काचेवर तो फोटो आणला आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

"दाव," मागून आवाज आला.

तो खाली बसला. आत्तीनं कॅमेरा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तिला चष्मा लागायचा, पण तिनं तो लावला नाही.

"मी हाय न्हवं ही?"

"व्हय, आत्ती."

"बाकीची कुटं गेली?"

"हलली."

आत्तीनं कॅमेरा परत त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "पुसू नगंस. उंद्या घरी ये, दुपारी. ह्यो घिऊन ये. बायकूला बी आन."

दुसऱ्या दिवशी फुसीनं अळूच्या पानात मेंढीची बरगडी भाजून घेतली आणि दोघं गेली. आत्ती एकटी राहायची, समुद्राकडं तोंड करून घर. आत पाऊल टाकलं आणि फुसीनं लिसिआतेचा शर्ट मागून धरला. खिडक्यांवर सालकापड लावलं होतं. भिंतींवर लावलं होतं. मधोमध चटयांची चळत घातली होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

"बसा," आत्ती म्हणाली. "बरगडी आनलीस? चांगलं केलंस, फुसी. तुजा हात मिठाला जरा जड पडतोय, तेवडं बग."

बाहेर डुकरीण कुंपणाला अंग घासत होती.

"मला आजून जायाचं न्हाई," आत्तीनं सांगितलं. बाजारातलं काही सांगावं तसं. "ती बाहीरची डुकरीण गाभन हाय. चटई आर्दी इनून झालीय. आनी खरं सांगू, मला भ्या वाटतंय. रातच्याला मी हात हलवून बगतीया, हलतोय का न्हाई."

"आत्ती, तुमी ताठ बसला हुता म्हनून तसा आला त्यो. ते आसं आसतंय—"

"कसं आसतंय ते तुला ठावं. पाउलाचं बी तुला ठावं हुतं, लोसाचं बी." ती पुढं वाकली. "तू माज्या भावाचा. मी तुज्याकडं आजवर काय मागितलं? एक होडी, आनी दोन-चार डुकरं. आता एक मागती. मामाच्या उशाशी मी बसले हुते तसा हितं बस. हलू नगंस. फुसी बटन दाबंल."

फुसीनं नवऱ्याकडं पाहिलं. लिसिआते त्या रिकाम्या चटयांकडं बघत होता. नाही म्हणायचा शब्द त्याच्या तोंडात कधी तयारच झालेला नव्हता. तो उठला, तिपाई मांडली, चाक तिसऱ्यावर आणलं, फुसीला बटण दाखवलं आणि उशाशी जाऊन बसला.

फुसी कॅमेऱ्यामागं वाकली. जरा जास्तच वेळ वाकली. मग खट् असा बारीक आवाज झाला, डोळा मिटावा तेवढा.

लिसिआते आवाजावरूनच समजला. उठून येऊन त्यानं काच बघितली. काळं. त्यात तो नव्हता, चटया नव्हत्या, काही नव्हतं. चाक दुसऱ्या घरात होतं, उन्हाच्या.

"कसा आलाय?" आत्ती.

आता इथं लिसिआतेला खोटं बोलता आलं असतं. अंधार फार आहे, यंत्र बिघडलं, काहीही. पण आत्तीशी खोटं बोलून जगलेला भाचा त्यानं पाहिला नव्हता. "चाक फिरलं हुतं, आत्ती. काळा आला."

"कुनाचं बोट लागलं?"

"माजं," फुसी म्हणाली. "चुकून न्हाई लागलं."

आत्तीनं तिला खालून वर न्याहाळलं. "बायकू चांगली मिळालीय तुला," ती लिसिआतेला म्हणाली. "आता चाक फिरव."

फुसी बाहेर निघून गेली. डुकरिणीला ती काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते. लिसिआतेनं चाक स्वतःच्या हातानं तिसऱ्यावर आणलं, आपोआप दाबायचं लावलं आणि जाऊन बसला. कॅमेऱ्याचा लाल दिवा मिचकायला लागला. त्याला वाटलं होतं न हलणं अवघड जाईल. अवघड नव्हतंच. पडदा उघडला तसा श्वास आपला आपणच थांबला, हात जड झाले, आणि समोरच्या रिकाम्या चटया मधोमध थोड्या दबल्यासारख्या दिसल्या, कुणीतरी हळूच पाठ टेकवावी तशा. पडदा मिटला तरी तो बसून राहिला. आत्तीला दोनदा हाक मारावी लागली.

तो लख्ख आला होता. गालावरचा वस्तऱ्याचा काप दिसत होता.

"आता कसं," आत्ती म्हणाली आणि पंखा घेऊन वारा घालायला लागली. जाताना तिनं त्याला बारीक विणीची, मयताखाली घालतात तसली, गुंडाळलेली चटई दिली. आयुष्यात आत्तीनं त्याला काही दिलेलं नव्हतं. फुसीनं ती गाडीत घेतली नाही, टपावर बांधली.

गोष्ट गावात पसरायला दुसरा दिवस लागला नाही. लिसिआतेला वाटलं, आता लोक रस्ता ओलांडून जातील. झालं उलटंच. सकाळी दारात केळीच्या पानावर मोठा मासा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी रताळी. तो होडी काढायला गेला तर होडीवाल्यांनी काढू दिली नाही. "तुला काय पायजे ते सांग, आमी आनून टाकतू. वारं बरं न्हाई." वारं नव्हतंच. दवाखान्यातली नर्स स्वतःहून रक्तदाब बघायला यायला लागली. तो गाडी घेऊन निघाला की मागून मायकोलोची गाडी सावकाश यायची. एकदा त्यानं थांबून विचारलं.

"काय न्हाई," मायकोलो म्हणाला. "म्हटलं खड्डा-बिड्डा आसला तर."

"मायकोलो, खरं बोल."

मायकोलोनं गाडीचं चाक धरून समोर पाहिलं. "आता तुजा नंबर हाय न्हवं? मग तू हाईस तवर बाकीच्यांचा लागत न्हाई. माजी बायकू पुना पोटुशी हाय, लिसिआते. जरा जपून चालव."

रांग त्याच्यापाशी येऊन अडली होती, एवढंच. मधल्या काळात राजधानीच्या दवाखान्यात दोघं वारले, एक म्हातारा झोपेत गेला. पण ते फोटोत लख्ख आले नव्हते, ते वेगळं, असं गावानं ठरवून टाकलं. रविवारी चर्चमध्ये लिसिआतेसाठी प्रार्थना व्हायची, राजाच्या प्रार्थनेपेक्षा लांब. त्याचं पोट वाढलं. "गाव तुमच्याकडं कसं बगतंय ठावं हाय का?" फुसी म्हणायची. "मेजवानीच्या डुकराकडं बगत्यात तसं. फकस्त कापायचं न्हाई, एवडाच फरक." मग त्याच्या पुढ्यातला मासा काढून घ्यायची. काटा अडकेल म्हणून.

कॅमेरा विकून टाकावा असं त्याच्या मनात आलं होतं. तिसरं घर पुसायचंही आलं होतं. पण मेनूत जाऊन तिथवर पोचला की बोट थांबायचं. पुसलं तर नंबर सुटतो की लागतो, हे सांगणारं पुस्तक कुठं मिळतं?

परवा तो झोपेत गेलेल्या म्हाताऱ्याच्या भावाच्या मयताला गेला. तेच सालकापड, तीच दिवेलागण. त्यानं तिपाईचा पाय उघडला, आणि खोलीत कुणीही हललं नाही. एक पंखा नाही, एक गुडघा नाही. आता कुणाला हलायचं कारण उरलं नव्हतं. उशाशी हेलेइने आत्ती मात्र हात हलवत होती. तिचा अजून कशावर पुरता विश्वास नाही.

त्यानं बटण दाबलं. दोन सेकंद खोलीत गाणंसुद्धा नव्हतं.

काचेवर पहिल्यांदाच धूर नव्हता. आत्तीच्या जागी एक पांढरट फरकाटा, बाकी सगळी खोली लख्ख, चाळीसच्या चाळीस चेहरे, एकेकाची पापणी मोजावी इतके. लिसिआतेनं फोटो मोठा करून पाहिला. मयताकडं एकाचंही लक्ष नव्हतं. सगळे समोर बघत होते, कॅमेऱ्याच्या थोडं वर, जिथं त्याचं तोंड होतं तिथं.

भट्टीचा धूर आत आला असावा, त्याला ठसका लागला. त्यानं मान वर केली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी श्वास धरून ठेवला होता.